गिरणीतील मूल आणि शाळेचा हजेरीपट

इतिहासाच्या अभ्यासकाने शाळेच्या सहलींकडे लक्ष द्यावे, असे म्हटल्यास पुष्कळांना ते थोडेसे विनोदी वाटेल. सहल म्हटली की डबा, गाडीतील भेंड्या आणि परत आल्यावर लिहावयाचा निबंध एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. तिला पूर्वपीठिका ती कोणती असणार? परंतु प्रथा जितकी अंगवळणी पडलेली, तितका तिचा उगम दृष्टीआड गेलेला असतो, हा अनुभव सामाजिक इतिहासात पदोपदी येतो. जुन्या गिरण्या, खाणी, कारखाने आणि त्यांत राबणाऱ्या माणसांचे जीवन दाखविणारी संग्रहालये इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या संख्येने उभी राहिली, आणि शाळकरी मुले हा त्यांच्या प्रेक्षकांपैकी एक प्रमुख वर्ग ठरला. ही मुले ज्या वास्तूत सहलीला जातात त्याच वास्तूत, दोनशे वर्षांपूर्वी, त्यांच्याच वयाची मुले दिवसाचे बारा-बारा तास काम करीत होती. तेव्हाच्या मुलाला गिरणीतून शाळेत नेण्यासाठी पार्लमेंटला कायद्यामागून कायदे करावे लागले. पुढे शाळेतल्या मुलाला संग्रहालयात नेण्यासाठीही शिक्षणखात्याच्या नियमांत दुरुस्ती करावी लागली. या दोन्ही घटनांच्या मुळाशी हजेरीचा प्रश्न होता, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

'हजेरी' हा शब्द येथे जाणूनबुजून योजिला आहे. अरबी 'हाजिर'पासून आलेली आपली हजेरी शाळेतही लागते आणि कारखान्यातही लागते. खाडा विद्यार्थ्याचा पडतो तसा कामगाराचाही पडतो, आणि दांडी मारणाऱ्यांत तर दोघेही आले. इंग्रजीने मात्र हा व्यवहार दोन कप्प्यांत वाटला आहे. शाळा चुकविणाऱ्या मुलासाठी तिच्यापाशी एक शब्द आहे, करार मोडून गिरणीतून नाहीशा झालेल्या मुलासाठी दुसरा; पहिल्याच्या वाट्याला छडी, दुसऱ्याच्या वाट्याला मॅजिस्ट्रेट. मराठीने हा भेद केला नाही, याचा पुढील हकीकत समजून घेताना आपणांस उपयोगच होईल.

उदाहरणादाखल एकच स्थळ घेऊ. मँचेस्टरच्या दक्षिणेस सुमारे पंधरा किलोमीटरांवर, चेशर परगण्यात, बॉलिन नावाच्या लहानशा नदीकाठी स्टायल हे गाव आहे. मूळच्या बेलफास्टच्या सॅम्युअल ग्रेग याने तेथे १७८४ साली 'क्वॉरी बँक' ही सूतगिरणी काढली. वाफेचे एंजिन अजून सर्वत्र पसरले नव्हते. गिरणी चालवावयाची तर वाहत्या पाण्याच्या उताराशेजारीच बांधावी लागे, आणि असा उतार बहुधा वस्तीपासून दूर असे. पाणी मिळाले, पण माणसे मिळेनात. या अडचणीतून त्या काळच्या अनेक गिरणीमालकांनी काढलेला मार्ग ग्रेगनेही पत्करला. शहरांतील अनाथ आणि निर्धन मुले तेथील दरिद्रालयांत सरकारी करावर पोसली जात. ही मुले वयात येईपर्यंत कराराने गिरणीमालकाच्या हवाली करावयाची आणि सोबत थोडी रक्कम व कपडे द्यावयाचे, अशी ही व्यवस्था होती. दरिद्रालयाचा खर्च वाचला, मालकाला मजूर मिळाले. मुलांना विचारण्याचा प्रश्न उद्भवला नाही. १७९० साली ग्रेगने या मुलांसाठी गिरणीपासून चार पावलांवर एक घर बांधले. तेथे एका वेळी नव्वदच्या आसपास मुले राहत. त्यांत मुलींची संख्या अधिक असे.

या मुलांना मराठीत काय म्हणावे? इंग्रजी कागदपत्रांत त्यांच्यासाठी 'अप्रेंटिस' हा शब्द येतो आणि आपल्याकडे त्याला 'उमेदवार' हा प्रतिशब्द रूढ आहे. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. पुढे कसबी कारागीर होण्याच्या आशेने जो विनावेतन वा अल्प वेतनावर शिकतो तो उमेदवार. स्टायलच्या मुलांना हा शब्द लावणे म्हणजे भाषेकडून खोटी साक्ष काढून घेण्यासारखे होईल. तुटलेले सूत सांधणे आणि यंत्राखाली सरपटत जाऊन पडलेला कापूस गोळा करणे ही त्यांची कामे. त्यांतून कोणतेही कसब हाती येत नव्हते. म्हणून पुढे त्यांना 'करारबद्ध मुले' असेच म्हटले आहे.

ग्रेगची गिरणी त्या काळच्या वाईट गिरण्यांपैकी नव्हती, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ग्रेग कुटुंब युनिटेरियन पंथाचे होते. सॅम्युअलची पत्नी हॅना हिने मुलांच्या शिकवणुकीत लक्ष घातले होते. मुलांसाठी पीटर हॉलंड हा डॉक्टर नेमलेला होता. कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल हिचा तो मामा. तेव्हा या गिरणीच्या इतिहासात राक्षस शोधावयास जाणाऱ्याची निराशा होईल. परंतु म्हणूनच तिचा अभ्यास अधिक फलदायी ठरतो, कारण येथे व्यक्तींचा दुष्टपणा बाजूला राहून व्यवस्था उघडी दिसते.

या व्यवस्थेविषयी खुद्द मुलांच्या तोंडचा पुरावा फार थोडा आहे. जो आहे तो १८०६ सालचा. त्या उन्हाळ्यात सतरा वर्षांचा जोसेफ सेफ्टन आणि तेरा वर्षांचा टॉमस प्रीस्टली हे दोन मुलगे स्टायलहून पळाले आणि सुमारे तीनशे किलोमीटरांची वाट तुडवीत लंडनला पोचले. दोघेही लंडनजवळच्या हॅकनी येथील दरिद्रालयातून गिरणीत पाठविण्यात आले होते. ऑगस्टमध्ये मिडलसेक्सच्या मॅजिस्ट्रेटांपुढे त्यांचे जबाब झाले, आणि ते जबाब आज उपलब्ध आहेत.

सेफ्टनचा जबाब वाचताना प्रथम आश्चर्य वाटते. पळून आलेल्या मुलाने गाऱ्हाणी सांगावीत अशी आपली अपेक्षा असते. सेफ्टन मात्र सांगतो की कामाचे तास सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत होते. खोल्या स्वच्छ असत आणि त्यांना हवा लागे. वर्षातून एकदा सफेदी होई. एका बिछान्यात दोघे निजत. चादरी महिन्यातून एकदा आणि सदरे दर रविवारी बदलत. रविवारी जेवणात उकडलेले डुकराचे मांस आणि बटाटे मिळत. हे सारे जणू एखाद्या तपासनिसाच्या अहवालातून उतरवून घेतल्यासारखे वाटते, आणि ते तसे का वाटते याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते. या जबाबांच्या चार वर्षे आधी, १८०२ साली, थोरल्या रॉबर्ट पील याच्या पुढाकाराने करारबद्ध मुलांच्या आरोग्य आणि नीतीविषयीचा कायदा संमत झाला होता. दिवसाला बारा तासांहून अधिक काम नको, खोल्यांना सफेदी करावी, पुरेशी हवा खेळती ठेवावी, एका बिछान्यात दोहोंपेक्षा अधिक मुले निजवू नयेत, नवे कपडे द्यावेत, आणि कराराच्या पहिल्या चार वर्षांत कामाच्या दर दिवशी काही वेळ लेखन, वाचन व गणित शिकवावे, अशी त्याची कलमे होती. सेफ्टनचा जबाब या कलमांशेजारी ठेवला की दोहोंचा क्रम आणि विषय विलक्षण जुळतात. मॅजिस्ट्रेट कायदा समोर ठेवून एकेक प्रश्न विचारीत असावा आणि कारकून उत्तरे सलग लिहून घेत असावा, असा तर्क करावयास हरकत नाही. प्रश्न गाळून केवळ उत्तरे लिहिली की ती निवेदनासारखी भासू लागतात. न्यायालयीन जबाबांच्या भाषेचा हा सर्वसामान्य धर्म आहे, आणि तो ध्यानी न घेतल्यामुळे कित्येक इतिहासकारांनी कायद्याच्या कलमांना साक्षीदाराच्या मनातील विचार मानले आहे.

तथापि दोन ठिकाणी कलमांची ही चौकट मोडते. शाळेविषयी बोलताना सेफ्टन केवळ 'होय, शाळा होती' असे म्हणत नाही. रविवार धरून आठवड्यातून दोनदा शाळा मिळे, आपल्याला त्याहून अधिक वेळा जावयाचे होते, परंतु देखरेखीवरच्या माणसाने जाऊ दिले नाही, असे तो सांगतो. दुसरे स्थळ प्रीस्टलीच्या जबाबातील. यंत्रात कापूस फार साचला होता, तेव्हा एका चाकात सापडून त्याच्या डाव्या हाताचे पहिले बोट तुटले. गिरणीच्या डॉक्टराने उपचार केले आणि सुमारे सहा आठवड्यांत तो बरा झाला. त्या आजारपणात त्याला आईची आठवण येऊ लागली, आणि तिला भेटावेसे वाटले. १८०२ च्या कायद्यात आईचा उल्लेख कोठेही नाही.

आता हजेरीकडे वळू. १८०२ च्या कायद्याची अंमलबजावणी जवळजवळ झालीच नाही. पगारी निरीक्षक आले ते १८३३ च्या कायद्याने. त्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना मज्जाव केला, पुढच्या वयाच्या मुलांचे तास कमी केले, आणि त्यांना रोज दोन तास शाळेत पाठविणे बंधनकारक केले. विशेष म्हणजे मागच्या आठवड्यातील शाळेच्या हजेरीचा दाखला असल्याशिवाय मुलाला कामावर घेता येत नसे. शाळेचा कागद असा गिरणीचा परवाना बनला. त्याचे परिणाम अर्थातच विचित्र झाले. ज्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते असे कित्येक 'शिक्षक' दाखल्यावर फुली मारीत आहेत, अशी तक्रार निरीक्षकांनी वारंवार केली. अखेर १८४४ च्या कायद्यात दाखला शिक्षकाच्या स्वहस्ताक्षरात असला पाहिजे, अशी अट घालावी लागली. याच कायद्याने 'अर्धवेळ' पद्धती आणली. मुलाने साडेसहा तास गिरणीत आणि तीन तास शाळेत काढावे, अशी तडजोड झाली. तिच्या बदल्यात किमान वयाची मर्यादा आठ वर्षांवर खाली आणण्यात आली. एका दिवसात एकाच मुलाची दोन ठिकाणी हजेरी लागू लागली. सॅम्युअलचा मुलगा रॉबर्ट हाइड ग्रेग याने १८३७ साली एक पुस्तक लिहून कारखान्यांवरील अशा नियंत्रणास विरोध केला होता, हे येथे नमूद करणे इष्ट होईल. वडिलांच्या उदारपणाला मर्यादा होत्या, मुलाच्या अर्थशास्त्राला त्याही नव्हत्या. स्टायलमधील करारबद्ध मुलांची पद्धत १८४७ साली बंद पडली. तोपर्यंत वाफेमुळे गिरण्या शहरांत आल्या होत्या आणि आईबाप असलेली मुले स्वस्तात मिळू लागली होती.

१८७० आणि १८८० च्या शिक्षणकायद्यांनी सर्व मुलांना शाळा खुली आणि मग सक्तीची केली, परंतु अर्धवेळ पद्धती मोडली नाही. १८९१ साली तिचे किमान वय अकरा झाले, १९०१ साली बारा. १९१८ च्या फिशर कायद्याने ती रद्द ठरविली. लँकेशरच्या कापडगावांतील वर्गांत, म्हणजे विसाव्या शतकातही, सकाळी साच्यांपाशी उभी राहून दुपारी बाकावर पेंगणारी मुले दिसत असत.

याच काळात मँचेस्टरच्या अँकोट्स भागात एक वेगळा प्रयोग चालू होता. अँकोट्स म्हणजे गिरण्यांची दाट वस्ती. हिरवे पान शोधूनही सापडू नये अशी. टॉमस कॉग्लन हॉर्सफॉल या रस्किनच्या चाहत्याने तेथे १८८६ साली मँचेस्टर कलासंग्रहालय स्थापले आणि गरीब मुलांना चित्रे, फुले, पक्षी पाहावयास मिळावेत म्हणून शाळांशी संधान बांधले. त्याच्या मार्गात आडवी आली ती हजेरी. १८६२ पासून शाळांचे सरकारी अनुदान विद्यार्थ्यांच्या सरासरी हजेरीवर आणि परीक्षेतील यशावर ठरत असे. परीक्षेचा जाच १८९० नंतर सैल झाला, तरी हजेरीचा हिशेब राहिलाच. शिक्षक मुलांना घेऊन संग्रहालयात गेला तर त्या दिवशी वर्ग रिकामा, वर्ग रिकामा म्हणजे हजेरी नाही, आणि हजेरी नाही म्हणजे पैसा नाही. हॉर्सफॉलने या नियमाविरुद्ध नेटाने प्रयत्न केले आणि १८९५ साली शिक्षणसंहितेत दुरुस्ती होऊन, शिक्षकाच्या देखरेखीखाली संग्रहालयास दिलेली भेट शाळेची हजेरी म्हणून धरली जाऊ लागली.

आपण ज्याला शाळेची सहल म्हणतो तिचे अधिकृत जन्मवर्ष इंग्लंडपुरते १८९५ मानावयास हरकत नाही. तिचा जन्म अध्यापनशास्त्राच्या ग्रंथात झाला नसून अनुदानाच्या नियमात झाला, हे काहींना रुक्ष वाटेल. परंतु कोणत्या वेळेला शिक्षण म्हणावयाचे हे ठरविण्याचा अधिकार हजेरीपटाकडेच असतो. ज्या वर्षी संग्रहालयातला एक तास शिक्षण ठरला, त्या वर्षी लँकेशरमधील अर्धवेळ मुलांचे गिरणीतले तास कोणत्याच शाळेच्या पटावर नव्हते, आणि त्या तासांत मूल जे शिकत होते त्याला शिक्षण म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. पहिल्या महायुद्धात शाळांच्या इमारती लष्करी रुग्णालयांसाठी घेतल्या गेल्या, तेव्हा मँचेस्टरमध्ये बेघर झालेले वर्ग संग्रहालयांतच भरू लागले. ही गैरसोय होती, पण तिच्यातून संग्रहालयात शिकविण्याचे एक स्वतंत्र तंत्र तयार झाले.

हॉर्सफॉलच्या संग्रहालयात मात्र गिरणी नव्हती. गिरणीच्या मुलांना गिरणी विसरावयास लावणे हाच त्याचा हेतू होता. गिरणी स्वतःच प्रेक्षणीय वस्तू होण्यास तिला प्रथम मरावे लागले. ग्रेग घराण्याने १९३९ साली क्वॉरी बँक नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली. व्यापारी उत्पादन १९५९ मध्ये थांबले. 'औद्योगिक पुरातत्त्व' ही संज्ञा मायकेल रिक्स याने १९५५ च्या एका लेखात वापरून प्रचारात आणली होती. १९६१-६२ मध्ये लंडनच्या यूस्टन स्थानकाची भव्य कमान पाडण्यात आली, त्याने लोकमत खवळले. आयर्नब्रिजचा न्यास १९६७ साली स्थापन झाला. उत्तरेकडे फ्रँक ॲटकिन्सनने बीमिश येथे खाणकामगारांचे जग जतन करण्यास १९७० नंतर आरंभ केला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्वॉरी बँकही संग्रहालय बनली. आज तेथे फिरणारे प्रचंड पाणचक्र मूळचे नव्हे, यॉर्कशायरमधील दुसऱ्या गिरणीतून आणून बसविलेले आहे. संग्रहालये अशी उसनवारी नेहमीच करतात. तिची नोंद असली म्हणजे पुरे.

१९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्यानंतर आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात व्हिक्टोरियाकालीन ब्रिटन हा प्राथमिक इयत्तांचा विषय होता, आणि गिरणीची सहल हा इंग्लंडमधील बालपणाचा एक ठरीव भाग झाला. २०१४ च्या अभ्यासक्रमात प्राथमिक इतिहासाचा मुख्य भर १०६६ पूर्वीच्या काळावर गेला आणि अलीकडचा काळ वैकल्पिक भागांत ढकलला गेला. शिक्षणखात्याच्या एका निर्णयाने एखाद्या संग्रहालयाचा प्रेक्षक वाढावा वा घटावा, हे १८९५ च्या हकीकतीशी सुसंगतच आहे.

अशा सहलीत मुले नेमके काय पाहतात? करारबद्ध मुलांच्या घरात जुन्या पोशाखातील मार्गदर्शक त्यांना बिछाने, स्वयंपाकघर, वर्गाची खोली दाखवितो. मुलांनाही कधी तसे कपडे चढविले जातात. हातावर घेऊन खावयाची घट्ट लापशी, औषधी म्हणून लावावयाच्या जळवा यांच्या गोष्टी ऐकून मुले किळसतात आणि खूश होतात. या पद्धतीवर आक्षेप घेणे सोपे आहे. एक तास गरीब होणे म्हणजे गरिबी नव्हे. जळवांची आठवण राहते आणि कराराचा कागद विसरला जातो. शिवाय घर स्वच्छ आणि टुमदार असल्यामुळे 'फार काही वाईट नव्हते' असा ग्रह होतो, जो सेफ्टनच्या जबाबाचा वरवर वाचलेला अर्थ आहे. याहून गंभीर उणीव दीर्घकाळ वेगळीच होती. गिरणीत येणारा कापूस अमेरिका खंडातील गुलामांनी वेचलेला असे. खुद्द सॅम्युअल ग्रेगची कॅरिबियनमधील डोमिनिका बेटावर हिल्सबरो नावाची गुलामांच्या श्रमावर चालणारी मळ्याची मालमत्ता होती. नॅशनल ट्रस्टने आपल्या वास्तूंच्या वसाहतवादी संबंधांवर २०२० साली अहवाल प्रसिद्ध केला, त्यात क्वॉरी बँकचाही समावेश आहे. त्यावरून इंग्लंडमध्ये बराच गहजब झाला. मुलांना हे सांगावे की नाही असा वाद झाला, हेच मला नवल वाटते. कापूस कोठून आला, हा प्रश्न दहा वर्षांचे मूल आपण होऊनच विचारते.

असे असूनही या सहलींची बाजू घ्यावी असे प्रस्तुत लेखकास वाटते, आणि त्याचे कारण कान आहे. मार्गदर्शक साचे चालू करतो तेव्हा एक-दोन साच्यांच्या खडखडाटातच शेजारच्याचे बोलणे ऐकू येईनासे होते. मग शेकडो साचे चालू असताना काय होत असेल, याचा अंदाज पुस्तकावरून कधीही आला नसता. लँकेशरच्या विणकर स्त्रिया या गोंगाटात ओठांच्या अतिस्पष्ट हालचालींनी आणि हातवाऱ्यांनी संभाषण करीत. त्या मूकभाषेला 'मी-मॉ' असे नाव होते. कान गेल्यावरही चालणारी, गिरणीबाहेर रस्त्याच्या दोन बाजूंनी गुजगोष्टी करू देणारी ही बोली कोणत्याही फलकावर लिहिता येत नाही. ती दाखवावी लागते. ज्या संग्रहालयांनी ती जाणणाऱ्या वृद्ध कामगारांना मुलांसमोर उभे केले त्यांनी यंत्रांइतकीच मोलाची वस्तू जतन केली, असे म्हणावे लागेल.

या हकीकतीचा आपल्याशी संबंध उपमेपुरता नाही. मुंबईच्या गिरण्यांतील यंत्रे मोठ्या प्रमाणावर लँकेशरमधूनच आली, आणि हिंदुस्थानात कारखान्यांचा कायदा व्हावा म्हणून जो रेटा आला त्यात सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्यांच्या कळकळीबरोबर लँकेशरच्या मालकांची स्पर्धेची भीतीही होती. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना मज्जाव केला आणि सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ साली ती वये नऊ आणि चौदा झाली, तास सात झाले. इंग्लंडमधील कायद्यांचा कित्ता असा गिरविताना एक गोष्ट वगळली गेली: शाळेचा दाखला. कायद्याने मुलाला गिरणीतून दोन तास आधी सोडले, पण कोठे जाण्यासाठी, हे सांगितले नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे मागितले होते. आदल्या वर्षीच्या कायद्यात गिरणीतील बालपण संपण्याचे वयही बाराच होते. १९११ साली नव्या कायद्याने कापडगिरण्यांतील मुलांचे तास सहावर आणले. त्याच वर्षी मार्च महिन्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, आणि पुढच्या मार्चमध्ये ते फेटाळले गेले. एक हजेरी कमी झाली आणि दुसरी सुरू झाली नाही, अशी ही स्थिती आहे. मुंबईच्या गिरणीकामगारांच्या साक्षरतेचा इतिहास लिहिणाऱ्याने या दोन तारखा शेजारी-शेजारी मांडल्या पाहिजेत.

भायखळ्याचे संग्रहालय १८७२ मध्ये सध्याच्या इमारतीत उघडले. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करते. शेतीमाल, कारागिरी आणि उद्योग यांची ओळख करून देणे हा त्याचा मूळ हेतू, आणि निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा हे त्याचे वैशिष्ट्य. मुंबईतील शाळांच्या कित्येक पिढ्या राणीच्या बागेतील प्राणी पाहून उरलेल्या वेळात तेथे डोकावल्या. त्याच्या आसपास गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा गिरणी ही पाहावयाची वस्तू आहे असे कोणाला वाटले नाही, आणि ते स्वाभाविकच होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. यंत्रे मिळतील, चिमणीही उभी आहे. पण साचा, बाबिन, साळखाते, जॉबर, बदली, पाळी हे शब्द ज्या तोंडांत रुळले ती तोंडे दर वर्षी कमी होत आहेत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांच्या तोंडी निवेदनांवर आधारलेला ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध केला, तो या दृष्टीने पायाभूत आहे. 'साचा' हा शब्द कोशात सापडेल; तो हाकेत कसा उच्चारला जाई, हे कोश सांगत नाही. संग्रहालय उघडण्यापूर्वी हे ध्वनिमुद्रण व्हावे, आणि ते करण्याच्या कामी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा उपयोग करून घ्यावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते.

सहलीला जाण्यापूर्वी मुलांच्या हाती काय द्यावे, याविषयी एक अनुभव नमूद करतो. आमच्या पदव्युत्तर वर्गात सेफ्टन आणि प्रीस्टली यांच्या जबाबांचा मराठी गोषवारा देऊन, मॅजिस्ट्रेटने विचारलेले आणि कारकुनाने गाळलेले प्रश्न विद्यार्थ्यांना लिहावयास सांगितले होते. खोल्या, चादरी, जेवण, तास यांचे प्रश्न सर्वांनी सहज लिहिले. १८०२ चा कायदा न वाचताही त्यांतील बहुतेक कलमे त्यांनी अशी पुन्हा तयार केली. प्रीस्टलीच्या आईविषयीच्या वाक्याला प्रश्नच नाही, ते त्याने आपण होऊन सांगितले असावे, असे मी म्हटले. त्यावर मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, प्रश्न आहे. 'तू का पळालास?' असा. तो कायद्यात नव्हता, म्हणून आपल्याला सुचला नाही. पण त्यांनी विचारला असणार." मूळ जबाब पुन्हा काढून पाहिला. आईचे वाक्य बोट तुटल्याच्या आणि बरे झाल्याच्या हकीकतीनंतर लगेच येते, आणि त्याच्या पुढे लंडनच्या वाटेची हकीकत सुरू होते. त्या विद्यार्थिनीचे म्हणणे बरोबर असावे.